अनेक धंदे केलेला माणूस : दादासाहेब फाळके



मागच्या महिन्यात आम्ही वर्गात नेहमीचाच प्रश्न विचारला. मोठेपणी कोण होणार? डॉक्टर आणि वकील तर हवेतच, ते मिळालेही. पण या वेळी उत्तरे जरा वेगळी आली. एकीला टीव्हीवरच्या मालिकांचे कपडे तयार करायचे आहेत. एकाला विमानातून उडी मारणाऱ्यांबरोबर स्वतः उडी मारून त्यांचे चित्रण करायचे आहे. आणि मागच्या बाकावरच्या एका बहाद्दराला सिनेमात नायकाच्या ऐवजी उंचावरून पडायचे आहे! मुले हसली. न्यायला आलेले आईबाबा दारात उभे होते, त्यांचे चेहरे मात्र पाहण्यासारखे झाले होते.

घरी जाताना गाडीत काय बोलणे झाले असेल याची आम्हांला कल्पना आहे. हा काय धंदा आहे का? त्यात पोट भरते का? हे प्रश्न चुकीचे नाहीत. म्हणून या अंकात आम्ही अशा एका माणसाची गोष्ट सांगायचे ठरवले की, ज्याला हेच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मुंबईत विचारले गेले. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. सगळे त्यांना दादासाहेब म्हणतात, आणि भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. त्यांच्या आयुष्यातला एक मोठा तुकडा आपल्या या लंडनमध्येही घडला आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे शास्त्री होते. पुढे त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवण्याची नोकरी मिळाली आणि सगळे बिऱ्हाड मुंबईला आले. शास्त्र्याच्या मुलाने शास्त्री व्हावे ही त्या काळची सरळ वाट. पण धुंडिराजाचे लक्ष चित्रे काढण्यात आणि नाटकात. १८८५ साली तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तिथून मोठ्या भावाबरोबर बडोद्याला गेला आणि तिथल्या कलाभवनात शिकू लागला. तैलचित्रे, जलरंग, मूर्तिकाम, इमारतींचे आराखडे, जे जे शिकता येईल ते ते त्याने शिकून घेतले. १८९० च्या सुमारास त्याने एक कॅमेरा विकत घेतला आणि फोटो काढणे, ते धुणे, छापणे हेही शिकला. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्याने एका आदर्श नाटकगृहाची प्रतिकृती मांडली. तिला सुवर्णपदक मिळाले.

इथपर्यंत वाचून वाटेल की, वा, आता गाडी रुळावर आली. पण तसे झाले नाही.

फाळक्यांनी गोध्र्याला फोटो काढण्याचा स्टुडिओ थाटला. थोड्याच वर्षांत प्लेगची साथ आली. त्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेले. गोध्रा सोडून ते बडोद्याला आले आणि पुन्हा स्टुडिओ उघडला. तेव्हा लोकांत एक समजूत पसरली होती की, कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि फोटो काढलेला माणूस लवकर मरतो! आज हसू येते, पण त्या समजुतीने फाळक्यांचे गिऱ्हाईक तुटले. धंदा बसला.

मग त्यांनी काय करावे? एका परदेशी जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले आणि जादूचे प्रयोग करू लागले. त्यासाठी त्यांनी एक झकास नाव घेतले, प्रोफेसर केळफा. मुलांनो, हे नाव कुठून आले? फाळके हा शब्द उलट्या बाजूने वाचून पाहा.

याच सुमारास, १९०२ मध्ये, त्यांचे दुसरे लग्न झाले. पत्नीचे माहेरचे नाव गिरिजा करंदीकर, लग्नानंतर त्या सरस्वतीबाई झाल्या. हे नाव लक्षात ठेवा. पुढे त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही.

१९०३ मध्ये फाळक्यांना सरकारच्या पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी लागली. जुन्या देवळांचे, लेण्यांचे फोटो काढायचे आणि आकृत्या तयार करायच्या. पगार नियमित आणि नोकरी सरकारी. आपल्यापैकी कोणाचेही आईबाबा खूश झाले असते. पण १९०५ साली बंगालची फाळणी झाली, स्वदेशीची चळवळ पेटली, आणि फाळक्यांनी ती नोकरी सोडली. लोणावळ्याला छपाईचा कारखाना काढला. चित्रकार राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी देवादिकांच्या चित्रांचे काम ते करून देत असत. पुढे कारखाना मुंबईला दादरला आला, नवे भागीदार आले. १९०९ मध्ये फाळके रंगीत छपाईची यंत्रे आणायला जर्मनीला जाऊन आले. छपाई सुरेख होऊ लागली, नाव झाले. आणि मग भागीदारांशी बिनसले. फाळक्यांनी छापखाना सोडला. वय चाळिशीचे, हातात पैसा नाही, घरात लहान मुले.

आता आपण जरा थांबून हिशेब करू. चित्रकार, फोटोग्राफर, जादूगार, सरकारी नोकर, छापखानावाला. पाच धंदे करून पाचही सुटलेले. त्या वेळच्या त्यांच्या शेजाऱ्यांनी त्यांच्याविषयी काय मत केले असेल? हा माणूस एका जागी टिकत नाही, असेच ना?

१९१०-११ च्या सुमारास ते मुंबईत गिरगावातल्या एका तंबूतल्या सिनेमाला गेले. तिथे येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट लागला होता. मूकपट म्हणजे आवाज नसलेला चित्रपट. पडद्यावर ख्रिस्त पाहता पाहता फाळक्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले. आपले देव आणि आपल्या गोष्टी अशा पडद्यावर कधी येणार? आणि आपल्या माणसांनी बनवलेल्या कधी येणार? दुसऱ्या खेळाला ते सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले. त्यानंतर त्यांनी ध्यासच घेतला. मिळतील ती पुस्तके वाचायची, रोज सिनेमा पाहायचा, रात्री जागून प्रयोग करायचे. इतके की डोळे बिघडले आणि काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली आणि ते पुन्हा कामाला लागले.

चित्रपट बनवायला यंत्रे हवीत, आणि ती इंग्लंडमध्ये मिळत. फाळक्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी बोटीने लंडनला निघाले. इथे त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. पिकॅडिलीतून जाताना त्यांना एका कचेरीवर बायोस्कोप या सिनेमाविषयीच्या साप्ताहिकाची पाटी दिसली. हे साप्ताहिक ते मुंबईत वाचत असत. सरळ आत गेले आणि संपादकांना भेटले. त्यांचे नाव कॅबर्न. कॅबर्नसाहेबांनी आधी त्यांना या फंदात न पडण्याचा सल्ला दिला, पण या पाहुण्याची तयारी पाहून त्यांनीच त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली. हेपवर्थ हे त्या वेळचे इंग्लंडमधले नामांकित चित्रपट निर्माते. टेम्सकाठी वॉल्टन इथे त्यांचा स्टुडिओ होता. त्यांनी फाळक्यांना सगळा स्टुडिओ मोकळेपणाने दाखवला, चित्रीकरण कसे चालते ते समजावून दिले. फाळक्यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, फिल्मची ऑर्डर दिली आणि १ एप्रिल १९१२ ला ते मुंबईला परतले. पुढच्या वेळी पिकॅडिलीला गेलात की जरा आठवा. आपल्यासारखाच मराठी बोलणारा एक माणूस त्याच रस्त्याने पाट्या वाचत हिंडला होता.

यंत्रे आली, पण पैसे कोण देणार? कोणाचाच विश्वास बसेना. तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला. कॅमेरा समोर ठेवला आणि रोज थोडे थोडे चित्रण करत राहिले, महिनाभराहून जास्त दिवस. ती फिल्म पडद्यावर लावली तेव्हा दाण्यातून अंकुर फुटून वेल भराभर वाढताना दिसला. मंडळी थक्क झाली आणि एक सावकार तयार झाला. तरीही पैसा पुरेना. मग सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले.

पहिल्या चित्रपटासाठी गोष्ट निवडली राजा हरिश्चंद्राची. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाची ही गोष्ट तुम्ही वर्गात ऐकली आहे. हरिश्चंद्राचे काम दत्तात्रय दामोदर दाबके यांनी केले. पण राणी तारामती कोण होणार? त्या काळी सिनेमात काम करणे इतके हलके समजत की एकही बाई तयार होईना. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके हे तरुण सापडले. त्यांना तिथे महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले, आणि अण्णा तारामती झाले! राजपुत्र रोहिदास मात्र घरचाच होता, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. बायकांची कामे करणाऱ्या पुरुषांना मिशा काढायला राजी करणे हेही एक काम होऊन बसले होते असे सांगतात, कारण वडील हयात असताना मिशी काढणे अशुभ मानत. सिनेमात काम करतो म्हटले तर लोक नावे ठेवत, म्हणून ही मंडळी विचारणाऱ्याला हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत असे सांगत. याच नावाचा एक छान मराठी चित्रपट २००९ मध्ये आला. ज्या घरांत अजून पाहिला नसेल त्यांनी मुलांबरोबर जरूर पाहावा.

आता ते पाच बुडालेले धंदे पुन्हा आठवा. पडदे आणि महाल कोणी रंगवले? चित्रकार फाळक्यांनी. कॅमेरा, उजेड आणि फिल्म धुणे कोणाला ठाऊक होते? फोटोग्राफर फाळक्यांना. देव अचानक प्रकट होतो आणि गुप्त होतो, ही युक्ती कोणाची? प्रोफेसर केळफांची. जुनी देवळे आणि शिल्पे कशी असतात हे पुरातत्त्व खात्यात पाहून झालेले, आणि रसायने, यंत्रे व देवादिकांची रूपे छापखान्यात हाताळून झालेली. वाया गेले असे ज्याला लोक म्हणत होते, त्यातले काहीच वाया गेले नव्हते. चित्रपट हा धंदा तेव्हा आपल्या देशात जवळजवळ नव्हताच, त्यामुळे त्याची शाळाही नव्हती. फाळक्यांची शाळा म्हणजे हे पाच धंदे.

पण हे सगळे एकट्याने झाले नाही. सरस्वतीबाई रोज साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत. विकत आणलेल्या फिल्मला भोके नसत, त्यामुळे कॅमेऱ्याच्या दात्यांत ती बसत नसे. ती भोके रात्री अंधारात यंत्राने पाडायचे काम सरस्वतीबाईंचे. फिल्म धुण्याची रसायने कालवायला त्या शिकल्या. चित्रीकरणाच्या वेळी उजेड चेहऱ्यावर परतवण्यासाठी पांढरी चादर धरून त्या तासन् तास उन्हात उभ्या राहत. आजच्या चित्रपटाच्या शेवटी शेकडो नावे सरकत जातात. या एका बाईंनी त्यांतल्या किती जणांची कामे केली असतील ते मोजा, आणि मग त्यांचे नाव किती जणांना माहीत आहे तेही विचारा.

धोकाही होताच. बाहेरगावच्या चित्रीकरणात भालचंद्र खडकावर पडला आणि डोक्याला मार लागून बेशुद्ध झाला, असे सांगतात. त्याच्यावर उपचार झाले. चित्रीकरण पुढे ढकलावे असे बरोबरच्यांना वाटत होते. पण गोष्टीत राजपुत्र मेल्याचा प्रसंग होता, आणि फाळक्यांनी त्याच अवस्थेत तो चित्रित करून घेतला. ही हकिकत आम्ही वर्गात सांगितली तेव्हा काही मुलांना ते शूर वाटले आणि काही मुलांना राग आला. आम्हांला दोन्ही बरोबर वाटतात. आज सिनेमात उंचावरून पडणाऱ्या माणसाला दोर, गाद्या आणि शिकवलेली माणसे लागतात. तशी व्यवस्था असल्याशिवाय उडी मारायची नाही, हे आमच्या मागच्या बाकावरच्या बहाद्दराने कृपया लिहून ठेवावे.

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांनी चित्रपट पुरा झाला. लांबी सुमारे ३७०० फूट. २१ एप्रिल १९१३ रोजी तो निवडक लोकांना दाखवला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' सर्वांसाठी लागला. लोकांनी गर्दी केली. आधीच्या वर्षी, १९१२ मध्ये, दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' आला होता, पण ते एका नाटकाचे चित्रण होते आणि त्याची फिल्म लंडनमध्ये धुतली होती. म्हणून 'राजा हरिश्चंद्र' हा पहिला संपूर्ण भारतीय कथापट मानतात.

त्यानंतर फाळके नाशिकला गेले आणि एकामागून एक चित्रपट काढू लागले. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींनी कामे केली. पडद्यावर आलेल्या या पहिल्या भारतीय स्त्रिया. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला आले. इथल्या लोकांनी त्यांची वाखाणणी केली, इथेच राहून काम करण्याविषयी विचारणा झाली. त्यांनी नकार दिला. आपला धंदा आपल्या देशात उभा करायचा, हे त्यांचे ठरलेले होते. आपण इथे राहणाऱ्यांनी या नकाराचा विचार करावा, कोणाला कमी लेखण्यासाठी नव्हे, तर त्याची किंमत केवढी होती ते कळावे म्हणून. कारण लगेच पहिले महायुद्ध सुरू झाले, पैसा आटला, आणि नाशिकला कारखाना चालवणे जड झाले.

तरी १९१७ मध्ये 'लंकादहन' आला आणि तो अफाट चालला. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामे केली! मद्रासला तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली असे सांगतात. १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. तो चित्रपट अजून बराचसा शिल्लक आहे. सुरुवातीला मंदाकिनी नुसत्या चेहऱ्याने राग, हसू, रडू करून दाखवते. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मुलीकडे पाहताना आमच्या वर्गातली मुले एकदम गप्प झाली होती.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण आम्ही मुलांना अर्धी गोष्ट सांगत नाही. १९१८ मध्ये मोठ्या भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली आणि पुन्हा जुनेच दुखणे उभे राहिले. फाळक्यांना प्रत्येक गोष्ट आपल्या मनासारखी हवी, भागीदारांना खर्चाचा हिशेब हवा. पटेना, तेव्हा ते सगळे सोडून काशीला गेले. तिथे 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले. काही वर्षांनी कंपनीत परतले, पण पूर्वीची घडी बसली नाही. १९३१ मध्ये 'आलम आरा' हा बोलपट आला आणि मूकपटांचे दिवस सरले. १९३७ मध्ये कोल्हापूरला फाळक्यांनी 'गंगावतरण' हा एकच बोलपट काढला, तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. तो त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला त्यांचे निधन झाले. शेवटची वर्षे हलाखीची होती. ज्या धंद्याने पुढे कित्येकांना लखपती केले, त्याने आपल्या जनकाला म्हातारपणी पुरेसे दिले नाही.

१९६९ सालापासून भारत सरकार त्यांच्या नावाने चित्रपटातला सर्वांत मोठा पुरस्कार देते. दुर्गा खोटे, व्ही. शांताराम, लता मंगेशकर, भालजी पेंढारकर, आशा भोसले ही आपली माणसे त्याचे मानकरी आहेत.

मग पालकांच्या प्रश्नाचे उत्तर काय? हा धंदा आहे का? होय, आहे. आज कपडे शिवणारे, दिवे लावणारे, आवाज नोंदवणारे, उड्या मारणारे आणि उड्या मारणाऱ्यांची काळजी घेणारे, अशा असंख्य लोकांची पोटे त्यावर भरतात. पोट भरेल याची खात्री आहे का? नाही, दादासाहेबांनाही नव्हती.

मुलांना आमचे सांगणे एवढेच की, हाताला येईल ते काम नीट शिकून घ्या. चित्रकलेचा तास असो, गणिताचा असो, की शनिवारी सकाळी झोपमोड करणारा हा मराठीचा वर्ग असो. कशाचा उपयोग कुठे होईल ते आज सांगता येत नाही. आणि आपल्या स्वप्नासाठी घरात कोण अंधारात बसून फिल्मला भोके पाडत आहे, कोणाचे दागिने गहाण पडत आहेत, तिकडेही लक्ष असू द्या.

पालकांना आमची विनंती आहे. मूल एका गोष्टीवरून दुसऱ्या गोष्टीवर उडी मारते म्हणून लगेच हताश होऊ नका. त्याने पहिली गोष्ट शिकून सोडली की अर्धवट टाकली, एवढे मात्र जरूर विचारा.

पुढच्या शनिवारी येताना प्रत्येकाने आईबाबांना किंवा आजीआजोबांना एक प्रश्न विचारून यावे. आजवर तुम्ही कोणकोणती कामे केलीत, आणि त्यातले काय पुढे उपयोगी पडले? उत्तरे मराठीत लिहून आणा. निवडक उत्तरे पुढच्या अंकात छापू. आणि हो, आपले आडनाव उलटे वाचून जादूगाराचे नाव तयार करून आणायलाही विसरू नका!